‘येतो’ची नोंद

मिरजेत आणि सांगलीत मला सगळे ‘पानवाली’ म्हणतात. कात-चुन्याशी माझा काडीचाही संबंध नाही. मी वेबसाइटची पानं दुरुस्त करते. पान उशिरा उघडत असेल, उघडल्यावर अडखळत असेल, बोट टेकवायला जावं तेवढ्यात बटण खाली सरकत असेल, तर लोक मला बोलावतात. माझं खरं नाव गौतमी कवठेकर, पण ते आता माझ्या आईशिवाय कुणी घेत नाही.

माझ्या धंद्याचं महत्त्व कळायचं तर आधी वाटाड्या कळायला हवा. आज २०३९ साली शाळकरी मुलांना सांगूनही खरं वाटत नाही, की पूर्वी शोधयंत्रात शब्द टाकला की वीस-पंचवीस वेबसाइटची यादी यायची आणि माणूस त्यातून भाजी निवडावी तसं निवडत बसायचा. आता कानात गुंडी असते आणि गुंडीत वाटाड्या असतो. ‘तंबोरा दुरुस्त करणारं कुणीतरी बघ रे’ म्हटलं की तो यादी देत नाही. एका दारात नेऊन उभं करतो. दारामागून पान बोलतं, किंवा पानाचा मालक स्वतः बोलतो. पहिल्या दारातच काम झालं तर दुसरं दार बघायला कोण जातो? म्हणून वाटाड्या पहिलं दार कुणाचं दाखवतो, यावर आज दुकानं चालतात आणि बंद पडतात.

तो हे ठरवतो ‘तिष्ठांका’वरून. हा शब्द कुणा पंडितानं बनवलेला नाही, आमच्यासारख्या पानदुरुस्तीवाल्यांनीच तो रुळवला. कल्पना साधी आहे. दोन माणसं समोरासमोर बोलत असली की एकाचं वाक्य संपून दुसऱ्याचं सुरू व्हायला साधारण सेकंदाचा पाचवा हिस्सा लागतो. तेवढी फट आपल्याला जाणवत नाही. एक सेकंद गेला की मन इकडेतिकडे बघायला लागतं आणि तीन सेकंद गेले की माणूस वैतागून उठतो. म्हणून वाटाड्या फक्त दोन क्षण टिपतो. पाहुण्यानं यायची इच्छा बोलून दाखवली तो एक, आणि दार उघडलं तो दुसरा. ठोठावल्यावर पाहुण्यानं हुंकार दिला की दार उघडतं. मधलं अंतर म्हणजे पाहुण्याला किती तिष्ठत ठेवलं ते. नऊ सेकंदांत दार उघडलं नाही तर तो वाट बघणं सोडतो आणि नोंद करतो, ‘पाहुणा आला, दार उघडलं नाही.’ मग गेल्या चार दिवसांतल्या सगळ्यात जास्त तिष्ठलेल्या चौथाई पाहुण्यांची सरासरी काढतो. सगळ्यांची नाही, कारण सुखात असलेल्यांच्या गर्दीत ताटकळलेले लपून जातात. ही गोष्ट मला नेहमीच न्यायाची वाटत आलेली आहे.

आणखी एक सांगायला हवं. पाहुणा काय बोलला हे वाटाड्या साठवत नाही, कायद्यानं त्याला ते साठवता येत नाही. वेळा राहतात, शब्द पुसले जातात. पुढचा सगळा घोळ यातूनच झाला.

फेब्रुवारीच्या दोन तारखेला तस्नीमचा फोन आला. “गौतमीताई, अब्बांचं पान बुडालंय. बघायला येतीस का?”

तस्नीमचे अब्बा म्हणजे मकबूल शिकलगार, माझे मकबूलचाचा. माझे बाबा गायचे, आणि त्यांच्या तंबोऱ्याची जवारी चाचांशिवाय कुणी केलेली त्यांना चालायची नाही. जवारी म्हणजे तंबोऱ्याची तार ज्या घोडीवर टेकते, त्या घोडीला दिलेला अगदी हलका उतार. तो बरोबर जमला तर तार नुसती वाजत नाही, आतून गुंजत राहते, आणि तारेखाली सरकवलेला सुताचा दोरा ती गुंज नेमकी बसवतो. कानशीचा एक हात जास्त पडला की सगळं गेलं. लहानपणी मी त्यांच्या कारखान्यात भोपळ्यांच्या रांगेत बसून पाढे पाठ केलेले आहेत. त्या जागेला अजूनही लाखेचा आणि लाकडाच्या भुश्याचा तोच वास येतो.

चाचांचं पान म्हणजे त्यांचा कारखानाच होता. नागपूरहून, धारवाडहून, पार टोरांटोहून लोक दाराशी यायचे, आपला तंबोरा छेडून दाखवायचे आणि चाचा इथे बसून सांगायचे, “जोडीच्या तारंखालचा दोरा जरा पुढं घ्या. आणखी. हां, आता ऐका.” नाही जमलं तर तंबोरा मिरजेला यायचा. कारखान्यातलं निम्मं काम या दारानं यायचं.

तस्नीमनं मला आकडा दाखवला. तिष्ठांक चार पूर्णांक एक. महिनाअखेरीस सहाच्या वर असलेलं पान वाटाड्या आडवाटेला टाकतो. मग पूर्ण नावगाव उच्चारल्याशिवाय तो तिथे कुणाला नेत नाही, आणि ‘मकबूल शिकलगार, तंतुवाद्य, मिरज’ एवढं पाठ असलेली माणसं ती किती असणार?

“महिन्यापूर्वी दोन होता,” तस्नीम म्हणाली. “असाच चढत गेला तर अठ्ठावीसला संपलं. मला पुण्याची नोकरी आलीय. एक मार्चला हजर व्हायचंय.”

पुण्याची नोकरी म्हणजे इलेक्ट्रॉनिक तंबोरे बनवणारी एक कंपनी. त्यांना असा कान हवा होता जो यंत्रातून निघणाऱ्या आवाजाला ‘हे खोटं’ म्हणू शकेल. तस्नीमचा कान तसा होता. हातही होता. चाचांनंतर जवारी कुणाची असेल तर हिचीच, हे मिरजेत सगळे मान्य करायचे.

“तुला जायचंय का?” मी विचारलं.

“इथं काम आलं तर मी कशाला जातो?” ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली स्वतःबद्दल बोलताना ‘जातो’, ‘येतो’ म्हणतात, त्याची सवय करून घ्या. “पण काम नसताना बसून राहिलो तर हात मरतो ताई. अब्बांना हे ठाऊक हाय, म्हणून ते थांब म्हणत न्हाईत.”

चाचा कोपऱ्यात भोपळा घासत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं होतं, आणि त्यांनी मान वर केली नाही.

मी पान उघडून पाहिलं आणि मनातून खूश झाले, कारण करायला भरपूर काम होतं. स्वागताला चाळीस सेकंदांचा तंबोरा वाजायचा, तोही इतका जड की गुंडीला धाप लागावी. कारखान्याचे तीसएक फोटो फोनवर एकदम अंगावर यायचे. ‘चाचांशी बोला’ हे बटण फोटोंच्या धक्क्यानं खाली खाली पळायचं. तीन दिवसांत मी सगळं निस्तरलं. फोटो हलके केले आणि हवे तेव्हाच येतील असे ठेवले. बटणाला जागा नेमून दिली. तंबोरा ठेवला, पण पहिला सूर लगेच लागावा आणि बाकीचा मागून यावा अशी सोय केली. आता पान सेकंदाच्या सातव्या हिश्शात उघडायला लागलं. लोकांनी पहिल्या दिवसापासून कौतुक केलं. धारवाडच्या एक बाई म्हणाल्या, “किती छान झालंय हो चाचा, अगदी तुमच्या ओट्यावर येऊन बसल्यासारखं वाटतं. बरं, येते हं.”

आठवड्यानं तिष्ठांक पाहिला. चार पूर्णांक नऊ.

मला वाटलं मोजणीत चूक आहे. मग वाटलं माझ्यात आहे. पानाचा सगळा बाडबिस्तरा मी जवळच्या सर्व्हरवर हलवला. चौदा वर्षांत जेवढं शिकले होते तेवढं सगळं त्या पानावर ओतलं. आकडा पाच पूर्णांक पाचवर गेला. सवयीनं मी पुण्याच्या त्या कंपनीचं पानही बघून आले. तिथे शिरल्या शिरल्या तीन जाहिराती बोलतात, मग सहा प्रश्नांचा अर्ज, मग ‘आपला कॉल आमच्यासाठी महत्त्वाचा आहे’. दोन मिनिटांत माझं डोकं उठलं आणि मी गुंडी काढून टाकली. त्यांचा तिष्ठांक होता शून्य पूर्णांक नऊ.

आता माझ्यासमोर एकच गोष्ट उरली होती, आणि ती सांगायला मला जड जात होतं. चाचा फार बोलायचे. दोऱ्याचं काम दोन मिनिटांचं, पण त्यानंतर गुरू कोण, मूळ गाव कुठलं, पोराचं लग्न ठरलं का, हे सगळं व्हायचं. शेवटी ते चहा विचारायचे.

“चाचा, त्या माणसानं टोरांटोत बसून तुमचा चहा प्यायचा कसा?”

“प्यायला कशाला पायजे? विचारायचं असतं,” चाचा म्हणाले.

“गप्पा कमी करा. महिनाअखेरीपर्यंत फक्त कामापुरतं बोला. कदाचित बोलण्यामुळे पान अडकत असेल.” तसं काही अडकत नव्हतं हे मला माहीत होतं. पण मी हरत होते, आणि हरणाऱ्या माणसाला कुणावर तरी ढकलायला बरं वाटतं.

चाचांनी माझं ऐकलं. दोन दिवस ते ‘दोरा पुढं घ्या’, ‘झालं’, एवढंच बोलले. लोक घाबरले. चाचांची तब्येत बिघडली अशी गायक मंडळींत आवई उठली. विचारपूस करायला माणसं दिवसातून दोनदोनदा दाराशी यायला लागली. “काळजी घ्या चाचा. येतो परत. नक्की येतो.” तिष्ठांक पाच पूर्णांक आठ झाला.

अठरा तारखेला सकाळी मी कारखान्यात गेले आणि सांगून टाकलं की मला हे जमत नाही. पैसे घेणार नाही, दुसरा कुणी चांगला माणूस सुचवते. चाचांनी कानस खाली ठेवली.

“मी दोन दिस मुका बसलो तुझ्यासाठी,” ते शांतपणे म्हणाले. “माणूस दारात येतो, त्याला बस म्हणायचं न्हाई, तर दार कशाला ठेवायचं? तू मशीनचं ऐकतीस. मशीन काय म्हणतंय ते तरी तुला समजतंय का?”

मला राग आला, कारण खरंच समजत नव्हतं. मी पिशवी उचलली. डोळ्यांत पाणी येईल असं वाटायला लागलं तेव्हा उंबऱ्याशी पोचले आणि सवयीनं मागे वळून म्हणाले, “येते चाचा.”

“ये,” तेही सवयीनं म्हणाले. भांडण झालं म्हणून ही देवाणघेवाण थोडीच थांबते.

मी पाऊल बाहेर टाकलं आणि कानातल्या गुंडीतून वाटाड्या म्हणाला, “मकबूल शिकलगार, तंतुवाद्य, मिरज. दार ठोठावतो.”

मी त्याला काही सांगितलंच नव्हतं. मी हुंकारही न देता तशीच थांबले. गल्लीतून कुणाची तरी मोटरसायकल गेली. मी मनात मोजत होते. नवव्या सेकंदाला तो पुन्हा बोलला. “पाहुणा आला, दार उघडलं नाही. नोंद केली आहे.”

मी पिशवी उंबऱ्यावरच टाकली आणि आत पळाले. “चाचा, मी आत्ता काय म्हणाले?”

“येते म्हणालीस.”

“आणि मी काय करत होते?”

चाचांनी तस्नीमकडे पाहिलं. पोरगी कामाच्या ताणानं बिघडली की काय, असा त्यांचा चेहरा होता. “जात होतीस,” ते म्हणाले.

मग मला हसू फुटलं, आणि ते काही केल्या थांबेना. तस्नीमनं मला पाणी दिलं. शेवटी मी दोघांना समोर बसवून समजावलं.

वाटाड्या घडवणारी माणसं कुठे तरी दूर बसून काम करतात. त्यांनी नव्या वर्षात मराठीची क्रियापदं व्यवस्थित शिकवली आहेत त्याला. येणे म्हणजे येणे, जाणे म्हणजे जाणे. कुणी ‘शिकलगारांकडे येतो’ म्हटलं की त्याला दारात न्यायचं. आता धारवाडच्या बाई पानावर बोलत बसल्या आहेत, काम झालं आहे, निघताना त्या म्हणतात, “येते हं चाचा.” वाटाड्याला वाटतं, अरे, या तर अजून बाहेरच उभ्या आहेत. तो दार ठोठावतो. तोवर बाईंनी गुंडी काढून डबीत ठेवलेली असते, हुंकार द्यायला कुणीच नसतं. नऊ सेकंद तो इमानानं वाट बघतो आणि लिहितो, दार उघडलं नाही. शब्द पुसला जातो, वेळ राहते. मला दिसतात ते नुसते नऊ-नऊ सेकंद.

“म्हणजे जेवढं पान चांगलं...” तस्नीम म्हणाली.

“तेवढे लोक मनापासून ‘येतो’ म्हणणार, आणि तेवढं ते खाली जाणार. वीजबिलाच्या पानाला कुणी येतो म्हणतं का? पुण्याच्या त्या अर्जाला म्हणेल का कुणी? माणूस वैतागून गुंडी काढतो, त्याची कुठे नोंदच नाही. ज्या पानावर माणसाला आपल्या घरी आल्यासारखं वाटलं, तेवढीच पानं बुडाली.”

मला फार बरं वाटत होतं. चौदा वर्षांचं शिकलेलं वाया गेलं नव्हतं. आणि चाचांचे ते दोन मुके दिवस माझ्या छातीवर होते तेही उतरले, कारण आता मला त्यांची माफी मागता आली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि चहा टाकायला सांगितलं.

हातात दहा दिवस होते. तस्नीमनं सरळ उपाय सुचवला. पानावर सूचना लावायची, ‘निघताना कृपया जातो म्हणावे.’

“न्हाई,” चाचा म्हणाले. एवढ्या जोरात बोललेलं मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. “माझ्या उंबऱ्यावरनं कुणी ‘जातो’ म्हणून जाणार न्हाई. पान बुडलं तर बुडू दे.”

मी वाटाड्याच्या कंपनीला सविस्तर पत्र पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. ‘आपल्या भाषेत निघून जाणारी व्यक्ती येत असल्याचे सांगते, असे आपले म्हणणे दिसते. कृपया यामागील कारण व पुरावा जोडावा. निर्णयास नव्वद दिवस लागतील.’ तस्नीमनं ते पत्र मोठ्यानं वाचून दाखवलं. आम्ही हसलो खरं, पण ती हसता हसता मधेच थांबली. तिची बॅग आतल्या खोलीत भरून ठेवलेली होती.

उपाय सापडला तो चाचांमुळेच, आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. वीस तारखेला शेजारचे एक गृहस्थ कारखान्यात डोकावले, दोन शब्द बोलले, “बरं, येतो,” म्हणाले. चाचा मान वर न करता म्हणाले, “या.” त्या दोन शब्दांमध्ये फट नव्हतीच. सेकंदाचा पाचवा हिस्सा, फार तर.

‘येतो’ एकटा कधी नसतो. त्याच्यामागे ‘या’ असतो. आमच्या पानाला तेवढंच येत नव्हतं. आतून ‘या’ आलं की वाटाड्याला पाहुण्याच्या हुंकाराची गरज नाही, त्याच्या लेखी दार उघडलंच.

मी त्याच दिवशी पानाला ते शिकवलं. पाहुणा ‘येतो’ म्हणाला, पाहुणी ‘येते’ म्हणाली, कुणी ‘निघतो आता’ म्हणालं, की क्षणही न दवडता चाचांच्या आवाजात ‘या’ म्हणायचं. आणि नुसतं म्हणायचं नाही. निघणाऱ्या पाहुण्याच्या गुंडीत पानाची एक हलकी घडी ठेवून द्यायची, म्हणजे तो परत येईल तेव्हा वाटेत काही आणावं लागणार नाही, दार आधीच उघडं असेल.

“ही लबाडी न्हाई ना ताई?” तस्नीमनं विचारलं. “मशीनला फसवायचं?”

मी यावर विचार केलेला होता. “आपण ‘या’ म्हणतो आणि खरंच दार उघडं ठेवतो. लबाडी असती तर नुसतं ‘या’ म्हटलं असतं.”

चाचांचा ‘या’ टिपायला अख्खी दुपार गेली. यंत्रासमोर बसवलं की ते भाषण करायला बसल्यासारखे म्हणायचे. शेवटी तस्नीम सतरा वेळा बाहेर गेली आणि सतरा वेळा येतो म्हणाली. त्यातला अकरावा आम्ही घेतला, कारण त्या वेळी त्यांना खरंच वाटलं होतं की ती बाजारात निघाली आहे.

पाच दिवसांत तिष्ठांक घसरला. चार, मग दोन, मग शून्य पूर्णांक तीन. त्याहून गंमत म्हणजे लोक खरोखरच परत यायला लागले. पूर्वी ‘येतो’ म्हणून गेलेला माणूस वर्षानं उगवायचा. आता ‘या’ ऐकून गेलेला चौथ्या दिवशी हजर. टोरांटोच्या एका मुलीनं चाचांना सांगितलं की तिला आईच्या घरातून निघाल्यासारखं वाटलं आणि ती तशीच बसून राहिली. तंबोरा पाठवते म्हणाली. जवारीला तीन तंबोरे वाटेवर होते.

आणि सव्वीस तारखेला कंपनीची नोटीस आली. तिष्ठांक अचानक पडल्यानं गैरप्रकाराचा संशय होता. अठ्ठावीस तारखेला सकाळी अकरा वाजता तपासनीस येईल. फसवणूक आढळली तर पान आडवाटेला नाही, कायमचं काढून टाकण्यात येईल.

तपासनीस म्हणजे माणूस नव्हे. वाटाड्याचाच एक भाग, पाहुण्यासारखा दाराशी येणारा, बोलणारा, शंभर गोष्टी तपासून निकाल देणारा. आम्ही पानवाले त्याला भितो. तो नमस्कार करत नाही. काम संपलं की ‘सत्र समाप्त’ म्हणतो आणि नाहीसा होतो.

अठ्ठावीसला आम्ही तिघं अकराच्या आधीच बसलो होतो. तस्नीमनं पुण्याला दुपारी बारापर्यंत कळवायचं कबूल केलं होतं, आणि तिचा फोन तिच्या मांडीवर होता. बरोबर अकराला तो आला.

“तपासणी सुरू. या पानावर निघताना ‘या’ असे उत्तर दिले जाते. कारण सांगा.”

मी तोंड उघडणार तोच चाचा म्हणाले, “कारण तो येतो म्हणतो.”

“पण तो जात असतो.”

“जातो ते दिसतंच की. दिसतंय ते बोलायचं कशाला? परत यायचं मनात हाय, ते दिसत न्हाई. म्हणून ते सांगायचं.”

मी आयुष्यात पहिल्यांदा तपासनिसाला पाचव्या हिश्शाहून जास्त वेळ घेताना ऐकत होते.

“आणि तो परत आला नाही तर ते विधान खोटे ठरते का?”

“न्हाई. न्हाई आला तर काही अडचण असंल त्याची. आपलं ‘या’ तर दिलेलं असतं. ते त्याच्याकडं राहतं.”

“पानाची प्रत पाहुण्याकडे राहते, असे आपल्याला म्हणायचे आहे.”

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. “तसं म्हणा,” ते उदारपणे म्हणाले.

मग त्यानं बाकीचं तपासलं. दार उघडायला किती वेळ, बटण हलतं का, कमी दिसणाऱ्याला ऐकू येतं का, जिथं नेटवर्क मंद आहे तिथून काय होतं. त्यानं एक तंबोरा वाजवून दाखवला, म्हणजे तंबोऱ्याचा आवाज काढला, आणि चाचांनी त्याला दोरा पुढे घ्यायला सांगितलं. दोरा नव्हताच, पण आवाज सुधारला. तस्नीम घड्याळाकडे बघत होती. साडेअकरा झाले.

“चहा घेणार?” चाचांनी विचारलं.

मी कपाळाला हात लावला.

“नको, आत्ताच झाला,” तपासनीस म्हणाला.

हे त्यानं कुठे ऐकलं, किती जणांकडून ऐकलं, मला माहीत नाही. शब्द साठवायचे नाहीत असा कायदा आहे. रीत साठवायची नाही असा कायदा कुणी केलेला नाही.

“तपासणी पूर्ण,” तो पुढे म्हणाला. “फसवणूक आढळली नाही. पान वाटेवर राहील. इतर मराठी पानांच्या नोंदी पुन्हा तपासल्या जातील.”

तस्नीमनं दोन्ही हात तोंडावर ठेवले. मी चाचांचा खांदा धरला. आम्ही ‘सत्र समाप्त’ची वाट बघत होतो.

“येतो,” तपासनीस म्हणाला.

“या,” चाचा म्हणाले.

पण तो गेला नाही. यंत्रावरचा त्याचा दिवा तसाच चालू होता. मग तो म्हणाला, “एक राहिलं. तो दोरा सुताचाच का लागतो? रेशमाचा चालत नाही का?”

चाचांनी मांडी ठीक केली, आणि मला लगेच कळलं की आता हे लवकर आटपत नाही. रेशमापासून सुरुवात झाली, मग मिरजेचे भोपळे कुठून येतात ते झालं, मग चाचांच्या वडिलांनी कानस कशी धरायला शिकवली ते. तपासनीस मधे मधे ‘असं का’, ‘बरं बरं’ म्हणत होता. दोनदा तो “चला, येतो आता,” म्हणाला आणि दोन्ही वेळा त्याला आणखी काहीतरी आठवलं.

बाराला दहा कमी असताना तस्नीम फोन घेऊन दारात गेली. तिची पाठ आमच्याकडे होती.

“सर, मी मिरजेहून तस्नीम बोलते,” ती तिच्या कार्यालयीन मराठीत म्हणाली. “तुमचे खूप आभार. पण मी येत नाही.”

चाचा बोलता बोलता थांबले. त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही, डोळे पुसले, आणि पलीकडे तिष्ठत असलेल्या पाहुण्याला म्हणाले, “हां, तर काय सांगत होतो...”

ती आत आली, अंगावरची ओढणी खोचली, येऊन पोचलेल्या पहिल्या तंबोऱ्याची घोडी मांडीवर घेतली आणि कानशीचा पहिला हात टाकला. तपासनीस अजून उंबऱ्यावरच होता.